बोदलकशाची मुलं नागपूर बघायला निघतात तेव्हा

दिवाळी होऊन धान घरात आलं की तिरोडा तालुक्यातल्या शाळांमध्ये सहलीचा विषय निघतो. बोदलकसा, चोरखमारा, मांगेझरी या पट्ट्यातल्या मुलांना जंगल आणि तलाव रोजचेच. त्यामुळे ऐतिहासिक स्थळं दाखवायची ठरलं की शिक्षकांचं बोट सरळ नागपूरकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. अडचण पुढे येते. एका दिवसात आठ-नऊ ठिकाणं कोंबलेली असतात, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, शिट्टी वाजली की परत गाडीत. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं की मुलांना आठवतं ते सरकत्या जिन्याचं आणि आईस्क्रीमचं. त्यात मुलांचा काही दोष नाही. कुठल्या गोष्टीकडे का बघायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

या वर्षी सहल काढणाऱ्या शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की निवांत बघायची ठिकाणं तीन किंवा चार ठेवा आणि सहलीची सुरुवात नागपुरात करू नका, बोदलकशाच्या पाळीवर करा. नागपूर हे या गावांचं जुनं राजधानीचं शहर आहे. देवगडच्या गोंड राजांच्या काळात, भोसल्यांच्या काळात आणि १८६१ साली मध्य प्रांत झाल्यावर इंग्रजांच्या काळातही आपल्या भागाचे निर्णय तिथे होत आणि त्यांचा परिणाम इथल्या शेतावर, तलावावर, रानावर होई. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी राहिलं. गोंदिया जिल्हा तर १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. मुलांना हा धागा हातात दिला की नागपूरच्या जुन्या वास्तू त्यांच्या स्वतःच्या गोष्टीचा भाग होतात.

आधी आपला तलाव

सहलीच्या आधीच्या आठवड्यात एक सकाळ बोदलकशाला काढा. जवळच्या शाळांना चालत जाता येईल, लांबच्यांनी आपापल्या गावची बोडी किंवा मामा तलाव निवडला तरी चालेल. बोदलकशाचं धरण १९१७ सालचं आणि चोरखमाऱ्याचं १९२३ सालचं, म्हणजे दोन्ही शंभरी ओलांडलेली. आपण त्यांच्याकडे हिवाळ्यात पाहुणे पक्षी येण्याची जागा म्हणून बघतो. मुलांना ते कुणीतरी बांधलेलं काम म्हणून बघायला लावा.

करायचं काय, तर पाळीवरून चालत पावलं मोजायची. पाळ मातीची असताना पाण्याच्या बाजूला दगड का रचलेत, हे विचारायचं. जास्तीचं पाणी कुठून निघतं, कालव्याचं पाणी कुठे जातं, कोणत्या गावच्या धानाला मिळतं, हे वहीत रेखाटायचं. चित्र सुबक नसलं तरी चालेल, बाणांच्या दिशा बरोबर हव्यात. एखाद्या शेतकऱ्याला पाळीवर बोलावून घ्या. पाणीपाळीचे वाद कसे होतात, कसे मिटतात, हे तो जसं सांगेल तसं कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

इथेच मुलांना जुन्या मालगुजारी तलावांची गोष्ट सांगा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागातले हजारो तलाव कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी बांधले आणि त्यांना गोंड राजांचा आश्रय होता. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, म्हणून माजी मालगुजारी, म्हणून मामा तलाव. उतार ओळखून नेमक्या जागी पाळ घालायची आणि एका तलावाचं वाहून जाणारं पाणी खालच्या बोडीत घ्यायचं, हे शास्त्र लेखी नकाशांवाचून उभं राहिलं. वारसा म्हटला की मुलांच्या डोळ्यांसमोर किल्ला आणि तलवार येते. आपल्या वाडवडिलांनी बांधलेली मातीची पाळसुद्धा त्याच मोलाची आहे, हे त्यांना गावातच कळलं पाहिजे. मग शहरात गेल्यावर त्यांची मान खाली जाणार नाही.

त्याच आठवड्यात मुलांना घरी एक काम द्या. आजी-आजोबांना विचारून यायचं, छोट्या (नॅरो गेज) गाडीत बसलात का, कुठून कुठे गेलात, किती वेळ लागला? या प्रश्नाचा उपयोग पुढे होणार आहे.

नागपुरात काय बघायचं, काय सोडायचं

पहिलं ठिकाण अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ सालचं हे संग्रहालय देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. इथे सकाळीच जा. मुलांचं डोकं ताजं असताना जे वाचून होतं ते जेवणानंतर होत नाही. दालनं बरीच आहेत, सगळी बघायचा आग्रह सोडा. प्राणी-पक्ष्यांच्या दालनात मुलं आपोआप रमतात, नागझिऱ्याच्या शेजारच्या मुलांना तिथे शिकवायला नको, उलट तीच तुम्हाला चार गोष्टी सांगतील. तुमचा वेळ पुरातत्त्वाच्या दालनासाठी राखून ठेवा.

तिथे एका गोष्टीपाशी निवांत थांबा. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावी गुरं राखणाऱ्या मुलांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. खणल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. बहुतेक तांब्याच्या वस्तू म्हणजे चपट्या कुऱ्हाडी, लांबट पट्ट्या. चांदीचे काही पत्रे बैलाच्या शिंगाड्या तोंडाच्या आकाराचे. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा साठा. त्यातला काही भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, काही नागपूरच्या संग्रहालयात आहे. बालाघाट आपल्याला परकं नाही, निम्म्या घरांची सोयरीक तिकडची. आधी फोन करून किंवा पत्र लिहून या वस्तू सध्या प्रदर्शनात कुठे मांडल्या आहेत ते विचारून ठेवा, म्हणजे शोधाशोधीत वेळ जाणार नाही.

कुऱ्हाडीसमोर पाच-पाच मुलांचा गट उभा करा आणि बोलू नका. तांबं हिरवट का झालं? हिला दांड्याचं भोक नाही, मग दांडा बसवला कसा? धार झिजलेली दिसते की कोरी? घरच्या कुऱ्हाडीशी ताडून बघू दे. ज्या मुलाने बापाबरोबर रानात लाकूड तोडलंय त्याचं निरीक्षण वर्गातल्या पहिल्या नंबरापेक्षा पुढे जातं, हे मी पाहिलेलं आहे. अशा वेळी त्या मुलाला बोलतं करा. वर्षभर मागच्या बाकावर बसणाऱ्याला पुढे आणण्याची ही संधी सहलीखेरीज सहसा मिळत नाही.

संग्रहालयातून झिरो माईलचा दगडी खांब चालत जाण्याच्या अंतरावर आहे. खांबाजवळ चार घोडे आहेत आणि मुलं आधी त्यांच्यावर चढायला धावतात. त्यांना आवरून दगडावरचं कोरीव लिखाण वाचायला लावा. हा खांब १९०७ सालचा, भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेला. समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी तिसऱ्या दशांशापर्यंत दिलेली आहे. हैदराबाद, जबलपूर, चांदा इथपर्यंतची अंतरं मैलांत कोरली आहेत. सातवी-आठवीच्या मुलांना फुटांचे मीटर आणि मैलांचे किलोमीटर तिथल्या तिथे करायला सांगा. भारताचा मध्यबिंदू हाच, असं गाईड सांगतात आणि पुस्तकांतही छापलेलं असतं. त्यावर शिक्कामोर्तब करून मोकळे होऊ नका. खांबावर प्रत्यक्ष काय लिहिलंय आणि लोक काय सांगतात, यातला फरक मुलांना करता आला तर इतिहासाचा एक मोठा धडा झाला.

सीताबर्डीचा किल्ला मात्र बाहेरूनच बघायची तयारी ठेवा. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच लोकांसाठी उघडतो. त्या दिवशी आपल्या शाळेत झेंडावंदन असतं. टेकडी खालून दिसते तेवढी पुरे, कारण सांगायची गोष्ट मोठी आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला याच टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रज जिंकले. पुढच्याच वर्षी, १८१८ मध्ये, आपल्या गोंदियाजवळच्या कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल आप्पासाहेबांच्या बाजूने उठले आणि त्यांना मोडायला इंग्रजांना कामठ्यावर फौज धाडावी लागली. नागपूरजवळची छावणी ती कामठी आणि आपलं ते कामठा, ही गल्लत आधीच दूर करा. पाठ्यपुस्तकात सीताबर्डीला एखादी ओळ मिळते आणि कामठ्याला तीही मिळत नाही. मुलांनी टेकडीखाली उभं राहून स्वतःच्या जिल्ह्याचं नाव ऐकलं पाहिजे.

दुपारनंतर जुनं शहर. आमच्याकडची मुलं तलावाच्या गावची, म्हणून माझा आग्रह जुम्मा तलावाचा आहे. त्याला शुक्रवारी तलाव म्हणतात, आजचं नाव गांधीसागर. देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बारा छोट्या वस्त्या एकत्र करून नागपूर वसवलं. त्यांचे पुत्र चांद सुलतान यांनी राजधानी इथे आणली, शहराला तट घातला आणि हा तलाव करवला. काठावर उभं राहून मुलांना विचारा, हे पाणी कुठून येतं, पाळ कुठे आहे, जास्तीचं पाणी कुठे जातं? बोदलकशाच्या पाळीवर जे प्रश्न विचारले तेच. इथे त्यांना उत्तरं शोधायला वेळ लागेल, कारण पाळीवर रस्ते आणि दुकानं आली आहेत. राजधानी वसवायची तर आधी पाणी धरून ठेवावं लागतं, हे गोंड राजांना ठाऊक होतं. आपल्या वर्गात गोंड समाजाची मुलं असतात. विदर्भातलं सगळ्यात मोठं शहर त्यांच्या राजानं वसवलं ही गोष्ट त्यांच्या कानावर पडायला सहावी-सातवी उजाडते आणि काहींच्या कानावर ती कधीच पडत नाही. ती इथे, तलावाच्या काठी, ठासून सांगा.

तिथून जुम्मा दरवाजा, म्हणजे आताचं गांधी गेट, आणि त्यातून आत गेलं की महाल. महालातले रस्ते अरुंद आणि गर्दीचे. पन्नास-साठ मुलांचा जथा तिथे नेऊ नये. आठवी-नववीची निवडक, समजूतदार मुलं असतील तरच भोसल्यांचा वाडा आणि आसपासची जुनी मंदिरं चालत दाखवा. लहानांना तिथे कंटाळा येतो आणि शिक्षकांचा जीव टांगणीला लागतो.

पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी महालाऐवजी मोतीबागेतलं नॅरो गेज रेल्वे संग्रहालय ठेवा. २००२ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात छोट्या गाडीची जुनी इंजिनं, डबे, सिग्नलचे कंदील, तिकिटाची यंत्रं असं बरंच काही आहे. गोंदिया हे सातपुड्यातल्या छोट्या लाईनचं मोठं ठाणं होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरपर्यंत अडीच फुटी रूळ गेले. घरी आजी-आजोबांना विचारून आणलेल्या उत्तरांचा कागद इथे बाहेर काढायचा. आजीनं सांगितलेली लाकडी बाकं इथल्या डब्यात आहेत का, हे शोधताना मुलं एवढी रंगतात की बाहेर काढणं जड जातं.

दीक्षाभूमी कोणत्याही इयत्तेच्या सहलीत असावी. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजचा भव्य स्तूप २००१ मध्ये खुला झाला. आत गेल्यावर घुमट पोकळ आहे हे मुलांच्या लक्षात येतं आणि ती आपोआप वर बघू लागतात. बाहेर आल्यावर सांगा की आपल्या वैनगंगेच्या काठी, पवनीला, दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्तूपाचे अवशेष आहेत आणि १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडीवर त्यांचं उत्खनन झालं. पुढच्या वर्षीची सहल कुठे न्यायची ते तिथेच ठरून जाईल. इथे फोटोंचा सोस कमी ठेवा. ही श्रद्धेची जागा आहे, अनेक मुलांच्या घरच्यांसाठी आयुष्यातली सर्वांत मोठी जागा आहे. ज्यांची घरं बाबासाहेबांना मानतात त्यांच्यापैकी कुणाला बोलावंसं वाटलं तर ऐकून घ्यावं.

फुटाळा तलावावरची संध्याकाळ, मॉल, बागेतली घसरगुंडी हे सगळं वगळावं असं मी म्हणणार नाही. मुलं आहेत ती. शेवटचा एक तास त्यांना हवं तसं खेळू द्या, मात्र त्याच्यासाठी अजब बंगल्यातला तास कापू नका.

तारीख, गाडी, कागद

तारीख ठरवताना तीन गोष्टी बघा. सोमवारी जाऊ नका, संग्रहालयं बंद असतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू असेल तर विधानभवन आणि सिव्हिल लाईन्सचा परिसर मोर्चे आणि बॅरिकेडनी भरलेला असतो, नेमकी आपली सकाळची दोन ठिकाणं तिथेच आहेत. अधिवेशनाच्या तारखा वर्तमानपत्रात आधी येतात, त्या टाळा. आणि धान मळणी उरकलेली असू द्या. मळणीच्या दिवसांत मोठी मुलं घरी लागतात, वर्गणीचे पैसेही धान विकल्यावरच हातात येतात. एकूण बघता जानेवारीचा पहिला-दुसरा आठवडा उत्तम.

गाडीसाठी दोन वाटा आहेत. एसटी महामंडळ शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देतं. मुख्याध्यापकांच्या पत्रासह तिरोडा आगारात महिनाभर आधी नोंदणी करा, डिसेंबर-जानेवारीत गाड्या लवकर संपतात. दुसरी वाट रेल्वेची. तिरोडा स्टेशन हावडा-मुंबई मार्गावर आहे आणि नागपूर साधारण शंभर किलोमीटर. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक सहलीला रेल्वेही सवलत देते, त्याचा अर्ज स्टेशनवर आधी भरावा लागतो. रेल्वेने गेलात तर नागपूरच्या १९२५ सालच्या दगडी स्टेशन-इमारतीकडे बाहेर येऊन एकदा वळून बघा आणि पुढे मेट्रो घ्या. रेल्वे स्टेशनहून सीताबर्डी, तिथे बदलून झिरो माईल. कॉटन मार्केट स्टेशनवरून जुम्मा तलाव जवळ पडतो. पहिल्यांदा मेट्रोत बसणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो. तरीही चाळीसच्या वर मुलं असतील तर मी एसटीच सुचवेन. गाडी सोबत असली की डबे, पिशव्या, आजारी पडलेलं मूल या सगळ्याला जागा मिळते.

परवानगीचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, माध्यमिक शाळांचा शिक्षणाधिकाऱ्यांकडे वेळेत जाऊ द्या. प्रत्येक पालकाचं सहीचं संमतीपत्र घ्या आणि त्यातच मुलाचा आजार, औषध, घरचे दोन फोन नंबर लिहून घ्या. सिकलसेल असलेली मुलं आपल्या भागात आहेत. त्यांना थंडीत उघड्यावर बसवू नका, वरचेवर पाणी प्यायला लावा आणि सिकलसेलचं कार्ड सोबत ठेवा. दहा मुलांमागे एक शिक्षक हवा आणि मुली असतील तर शिक्षिका हव्यातच. अंधार पडण्याआधी नागपूर सोडलं की रात्रीच्या जेवणाला मुलं घरी पोहोचतात. रात्री उशिरा जंगलातल्या रस्त्यानं मुलांना आणण्याची जोखीम कुणी घेऊ नये.

खर्चाचं स्पष्ट बोलते. ज्या मुलाचे पैसे भरले गेले नाहीत ते मूल मागे राहता कामा नये आणि त्याचं नाव वर्गात वाचलं जाता कामा नये. शिक्षकांनी, गावच्या बचत गटानं, माजी विद्यार्थ्यांनी गुपचूप भर घालावी, अशी माणसं प्रत्येक गावात असतात, विचारणारा हवा. दुपारचं जेवण घरच्या डब्याचं ठेवलं तर वर्गणी बरीच खाली येते. सगळ्यांनी एकत्र बसून डबे उघडावेत. नागपूरचे तर्री पोहे एकदा सकाळी खाऊ घाला, तेवढी चैन झेपते.

परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला सांगू नका. 'आमची सहल' या मथळ्याखाली चाळीस वह्यांत तेच ते उतरतं. त्याऐवजी प्रत्येकानं बघितलेल्या एकाच वस्तूचं चित्र आणि तिच्याबद्दल पाच वाक्यं लिहावीत, त्यातलं एक वाक्य प्रश्नार्थक असावं. बोदलकशाचा नकाशा आणि जुम्मा तलावाचा नकाशा शेजारी-शेजारी लावा. हे सगळं २६ जानेवारीला शाळेच्या व्हरांड्यात मांडा, गाव बघायला येतंच. आजी-आजोबांकडून आलेल्या छोट्या गाडीच्या आठवणी एका वहीत उतरवून ती शाळेत जपून ठेवा, दहा वर्षांनी ती सांगणारी माणसं नसतील.

मुलांचे न सुटलेले प्रश्न एका पत्रात लिहून संग्रहालयाच्या अभिरक्षकांना पाठवा, सोबत दोन ओळी आभाराच्या. आणि आठवडाभराच्या आत जमा-खर्चाचा कागद नोटीस बोर्डावर लावा, उरलेले पैसे असतील तर पालकांना परत करा.